कोहरानगरचा हुंकारा

१

दुपारची भाकर खाल्ली की आमच्या घरात दोघीच राहतोत. मी अन् माझी नात सपना. हळदीचे दिवस चालू. माझा ल्योक धम्मानंद हळद शिजवायचा कुकर ट्रॅक्टरला जोडून आमच्या कुरुंदा गावाच्या चहूकडं शेताशेतानं फिरतो. सून सरिता बायांच्या टोळीत हळद काढायला जाते. सपना अकरावीला, तिला अभ्यासाची सुट्टी. मला एकच काम. मागच्या अंगणात ताडपत्रीवर शिजवलेली हळद वाळत घातलेली, तिच्यावर शेजारच्या भिकाबाईच्या कोंबड्या येऊ द्यायच्या न्हाईत.

कोंबड्यांना मी काही करत न्हाई. एकदा फक्त एकीच्या पायाला लाल रिबिन बांधली अन् भिकाबाईला म्हणलं, "सरकारनं कोंबड्यांचं आधार काढायला घेतलंय. तुझीचा पहिला नंबर लागला." ती भोळी बाई कोंबडी काखेत घेऊन ग्रामपंचायतीत जाऊन आली.

तर दुपारी आमी दोघी मोबाईल बघायचो. कोहरानगर म्हणून एक मालिका होती, सगळी चित्राची. कोणत्या देशात काढली ठावं न्हाई, पण बोलायची हिंदीत. त्यात नोरी नावाची बारकी पोरगी. तिचा धाकटा भाऊ तामो धुक्यात हरवला, अन् ती त्याला हुडकत दारोदार फिरून राहिली. धुक्यानं तिच्या चपला मागितल्या, तिनं देऊन टाकल्या. तवापासून अनवाणी.

"सपने, या पोरीच्या पायाला बोटं चारच कशी?" मी इचारलं.

"कार्टूनमधी तसंच राहते, आजी."

"काढणाऱ्याला आळस आला म्हण की."

मालिका बघताना मी कोणालाही शिव्या घालायची. धुक्याला, राजाला, त्या मुक्या बगळ्याला. सपना माझं शूटिंग करायची अन् टाकायची. रिअ‍ॅक्शन म्हणतात त्याला. लोक हजारानं बघायचे. एकानं लिहिलं, आजीला दात न्हाईत पण चावा मोठा हाय. सपनानं मला ते दोनदा वाचून दाखवलं.

२

शेवटचा भाग आला त्या दुपारी सपनानं केस धुतले होते. परीक्षेला धुतले न्हाईत एवढ्या मनानं. मोबाईल तांब्याला टेकवून ठेवला, सरिताचा दुसरा मोबाईल आमच्या तोंडावर रोखून ठेवला. आमी मांडीला मांडी लावून बसलो.

नोरी चालत चालत शेवटच्या घरापाशी आली. लाल दार. तिनं वाजवलं. ठक. ठक. आतून कोणीतरी कडी काढायला लागलं. कडीचा आवाज आला, अन् पडदा काळा झाला.

काळाच राहिला. बराच वेळ. मंग काढणाऱ्यांची नावं वर सरकायला लागली.

"बस्स?" मी म्हणलं. "दार कोणी उघडलं? तामो होता का आत? यांच्या कुकराला आग लागो, एवढे महिने पोरीला उन्हातान्हात चालवलं अन् दारात उभी करून पळून गेले?"

मी सपनाकडं बघितलं. मला वाटलं रडंल. रडली न्हाई.

मंग आमी दुसऱ्यांच्या रिअ‍ॅक्शन बघायला लागलो. खरं सांगते, मला त्या मालिकेपरीस गोड लागल्या. पुण्याचा एक जाडा पोरगा उशीला बुक्क्या मारून राहिला. नागपूरच्या दोघी बहिणी एकाच टॉवेलात तोंड खुपसून रडल्या. हैदराबादचा एक दाढीवाला भिंतीवरचं नोरीचं चित्र टराटरा फाडून मंग त्याचेच तुकडे जुळवायला बसला. सगळ्यांचं म्हणणं एकच. शेवट दिला न्हाई. आमाला शेवट पाहिजे.

मी हसून हसून लोळले. पण दाढीवाल्याच्या वेळेला मला कायतरी खटकलं. काय ते कळंना.

३

मी सपनाला म्हणलं, जाड्याचा परत लाव.

काळा पडदा त्याच्या चष्म्यात दिसून राहिला होता. पोरगं एकदम गार बसलं होतं. अन् बंद तोंडानंच म्हणलं, "हूं."

मंग थोडा वेळ काही न्हाई. परत, "हूं."

त्याच्यानंतर त्यानं उशी घेतली.

"बहिणींचा लाव."

दोघी, एकाच दमात. "हूं." थोडा वेळ गेला. "हूं." मंग टॉवेल.

आता हा हूं मला ठावं हाय. माझं माहेर पुसेगाव. लहानपणी शेंगा फोडायला बसलो की माझी आत्या कथा सांगायची, अन् एका पोराला हुंकाऱ्याला बसवायची. आत्यानं एक वाक्य सांगितलं की त्यानं हूं म्हणायचं. हूं म्हणलं म्हणजे झालं, ते तसंच घडलं, आता पुढं चल. हूं आला न्हाई तर आत्या तिथंच थांबायची. राजाचा पाय उचललेला असला तर उचललेलाच. हुंकाऱ्याला एकच जण, अन् बहुतेक मलाच बसवायची, कारण तिच्या डोळ्यापुढं नसले की मी कोणाच्या तरी परकरात शेंगाची टरफलं भरायची. मी तिथंही तिला छळायची. राणी रथात बसली म्हणली की मी हूं न म्हणता इचारायची, "जेवून बसली का तशीच?" आत्याची कथा तिथंच लंगडी व्हायची.

म्हणून मला कळलं की हा नुसता हूं न्हाई. मधी जेवढा वेळ जाऊन राहिला, तेवढ्यात एक वाक्य बसते.

"सपने, काळ्या पडद्यात कोण काय सांगून राहिलं?"

"कुठं काय? आवाजच न्हाई."

"मंग ही पोरं हूं कोणाला म्हणतात?"

"रिअ‍ॅक्शन असते ती, आजी. तू पण."

"आपला लाव."

तिनं लावला. मी तोंड उघडून शिवी जुळवून राहिले होते. माझ्या बाजूला सपना ताठ बसलेली. ओठ मिटलेले. "हूं," ती म्हणली.

माझी मांडी तिच्या मांडीला लागलेली होती, तरी तवा मला ऐकू आलं नव्हतं.

४

दोन-चार दिवसात मोबाईल बंद असताना पण सुरू झालं.

लसूण सोलताना. "हूं." कपडे पिळताना. "हूं." पुस्तक उघडं ठेवून मागच्या दाराकडं बघत बसायची, अन् ठरल्यासारख्या टप्प्यानं हूं.

माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? मला वाटलं, पोरगी माझ्यावर गेली. आजीची फिरकी घेऊन राहिली. मला आतून आनंद झाला. बघू म्हणलं कोण हरतं. सरिताच्या पिठाच्या डब्यात ठेवायची ती माझी रबरी पाल काढली अन् सपनाच्या पुस्तकात, ती वाचत होती त्याच ओळीवर ठेवली.

ही पोरगी पालीच्या नुसत्या नावानं बाजेवर चढते. तिनं पाल उचलली, पेन उचलावा तशी, बाजूला ठेवली.

"हूं," म्हणली.

मी पाल पदरात घेतली.

संध्याकाळी धम्मानंद आला, अंगभर हळदीची वाफ मुरलेली. मी त्याला सगळं सांगितलं. सरितानं भाकरी थापता थापता पदर तोंडाला लावला.

"माय," धम्मानंद म्हणला, "मागल्या साली तू अंगात आल्याचं सोंग केलं अन् गल्ली गोळा केली. त्याच्या आदल्या साली सरपंचाच्या आवाजात फोन करून पाणी सोडणाऱ्या प्रेमदासला रात्रभर टाकीपाशी बसवलं. आता काय नवीन?"

"हे सोंग न्हाई, बाबा."

"अन् आपण दीक्षा घेतलेली माणसं. आपल्यात भूतबित मानत न्हाईत."

"मी कुठं मानते? मानत न्हाई म्हणूनच तकलीफ हाय. जे मानतात त्यांच्याकडं लिंबू तरी असते. आपल्याकडं काय हाय?"

सरिता हसतच मला म्हणली, "आत्या, तिला अभ्यासाचा ताण हाय. तुमी तिच्यावर नवीन खेळ करू नका."

सपना जेवत होती. घास तोंडात होता. बंद तोंडानं तिनं हूं केलं, अन् त्या दोघांना वाटलं आईच्या बोलण्याला केलं.

मी बघून राहिले होते. आईचं बोलणं संपून बराच वेळ झाला होता.

५

त्याच्यानंतर मी ठरवलं. कोणाला सांगायचं न्हाई. डोळे उघडे ठेवायचे. पोरगी माझ्या ताब्यात हाय दिवसभर, मीच बघते.

सपना जागा बदलत होती. आधी ती पुढच्या खोलीत बसायची. मंग मधल्या उंबऱ्यावर. मंग मागच्या खोलीत, तांदळाच्या कोठीला टेकून. रोज थोडी मागच्या दाराकडं सरकायची. मी इचारलं तर म्हणायची, "इथं वारा लागते." मागच्या खोलीत वारा कुठला? पत्र्याचं दार, दुपारी हात लावला तर चटका बसते.

आणखी एक गोष्ट माझ्या उशिरा ध्यानात आली. कोंबड्या.

मी काठी घेऊन बसायची अन् काठी उचलायचं कामच पडत नव्हतं. खिडकीतून बघितलं तर भिकाबाईच्या सगळ्या कोंबड्या ताडपत्रीच्या पल्याड उभ्या. चोच न्हाई, पाय उकरणं न्हाई. सगळ्यांची मान आमच्या मागच्या दाराकडं. मी खिडकीतून हळकुंड फेकून मारलं, तरी एक हलली न्हाई.

भिकाबाईला हाक मारली. "ए भिके, तुझ्या कोंबड्यांना काय केलंस?"

"म्या काय करू? तुमीच कायतरी पाजलं असंल," ती तिकडून ओरडली. "पुन्हा आधार काढायला बोलावलंय का त्यांना?"

मी खिडकीतून मागं फिरले, अन् मागचं दार वाजलं.

ठक. ठक.

खरं सांगते, मला हायसं वाटलं. दार वाजवणं म्हणजे माणसाचं काम. कोणीतरी माझा जुना हिशेब फेडून राहिलं म्हणलं. प्रेमदास असंल. मी परत खिडकीला डोळा लावला. खिडकीतून दार दिसत न्हाई, पण दारापाशी यायचं तर ताडपत्रीवरूनच यावं लागते. हळद जशीच्या तशी पसरलेली. एक हळकुंड सरकलेलं न्हाई.

कोठीपाशी सपना म्हणली, "हूं."

अन् उठून उभी राहिली.

६

पुढचं मी आहे तसं सांगते. जास्तीचं एक अक्षर घालत न्हाई.

सपना दारापाशी गेली. उजवा हात कडीवर ठेवला. काढली न्हाई. हात ठेवून थांबली, कोणीतरी पुढचं सांगायची वाट बघत असल्यागत. तिचं तोंड झोपेतल्या लेकरासारखं होतं. मी तिचा दंड धरून ओढला. ती जागची हलली न्हाई. माझ्या अंगात ताकत न्हाई असं न्हाई, मी अजून दोन घागरी डोक्यावर आणते. पण ती रोवलेल्या खांबासारखी झाली होती.

आमचं ते दार खालून आखूड हाय. उंबरा अन् पत्र्यामधी चार बोटाची फट. पावसाळ्यात बेंडकं येतात म्हणून आमी तिथं पोतं लावतोत. मी खाली बसले. मंग आडवी झाले. गाल फरशीला टेकवला अन् पोतं बाजूला केलं.

बाहेर भर दुपार होती. ऊन पिवळंजर्द.

दारासमोर दोन पाय होते. बारके, अनवाणी. हळदीवर उभे, पण तळव्याला हळद लागलेली न्हाई. सावली न्हाई. पायाच्या चहूबाजूनं काळी रेघ होती. पेनानं काढावी तशी, सगळीकडून सारखी. मी एक डोळा मिटून बघितलं, दुसरा मिटून बघितलं. रेघ तशीच. अन् पायाला जाडी नव्हती. एखादा कागद उभा धरावा तसे ते पाय होते, अन् तरी त्या कागदानं अंगठा उचलून दुसऱ्या पायावर ठेवला. उन्हात पाय पोळले की लेकरं ठेवतात तसा.

मी बोटं मोजली.

मंग पोतं परत लावलं.

७

डोकं अशा वेळी मला सोडत न्हाई. मला वाटलं मी बेशुद्ध पडीन, पण उलट सगळं सरळ दिसायला लागलं. सांगणारा कोण हाय मला ठावं न्हाई. तो सांगतो, पोरगी हूं म्हणते. हूं म्हणलं की ते घडते. अन् पुढचं वाक्य कडी काढायचं हाय. गावागावात, घराघरात जेवढी पोरं शेवट पाहिजे म्हणून रडली, त्या सगळ्यांचा हात आता कडीवर असंल. बाकीच्यांचं मला जमणार न्हाई. माझी एक हाय.

हुंकाऱ्याला एकच जण बसतो.

मी उठले. मागून सपनाच्या तोंडावर घट्ट हात ठेवला, अन् माझ्या आवाजात जोरानं म्हणलं, "हूं!"

तसं ते सांगणं माझ्याकडं वळलं.

आवाज आला न्हाई. वाक्य आलं. पायात काटा मोडला की कोणी सांगावं लागत न्हाई कुठं मोडला, तसं मला वाक्य ठावं झालं. "आत एक पोरगी होती. तिनं कडीला हात लावला." अन् त्याच्यानंतर माझ्या हूंची जागा रिकामी ठेवलेली.

ती जागा लई ओढ लावते. बंद ओठाच्या आत हूं आपोआप उमटायला लागतो. मी जीभ टाळूला दाबून धरली. अन् म्हणलं, "कोणता हात?"

थांबलं.

परत तेच वाक्य आलं. मी म्हणलं, "हात धुतला का तिनं? सकाळी माझ्यासंगं लसूण सोलला तिनं."

परत आलं, आता घाईनं. सपनाच्या हातातली कडी करकर वाजली. मी तिच्या हातावर माझा हात ठेवून दाबला.

"पोरगी कोणाची? बापाचं नाव सांग. दाराला रंग कोणता? लाल सांगतोस? हे तर पत्र्याचं हाय. तू दुसऱ्याच घरी आलास, बाबा."

मी इचारतच होते. चूल पेटलेली होती का? पोरीला चुलते किती? नोरी जेवली का तशीच? वाक्य तुटत गेलं. आधी अर्धं आलं. मंग नुसतं "आत एक". मंग नुसतं "आत". माझी आत्या अशीच अडायची, अन् अडली की शेंगांची टोपली ढकलून द्यायची. इथं टोपली कोणती हाय मला ठावं नव्हतं. ती ढकलायच्या आधी मी दाराला तोंड लावलं.

"तुला सांगता येत न्हाई," मी म्हणलं. "सरक. मी सांगते."

"नोरीनं दार वाजवलं," मी सांगितलं. "पण त्या घरातली माणसं हळद काढायला गेली होती. घरात कोणीच नव्हतं."

मी थांबले. हूंची जागा ठेवली. माझ्या हाताखाली सपनाचा हात गरम होता.

दाराच्या पल्याडून, माझ्या कमरेच्या उंचीवरून आवाज आला.

"हूं."

बारका. थकलेला. चालून चालून दमलेल्या लेकराचा.

"मंग नोरी मागं फिरली," मी म्हणलं.

"हूं." थोडा लांबून.

सपनाची बोटं कडीवरून सुटली. ती माझ्या अंगावर कलली अन् म्हणली, "आजी, माझ्या तोंडावरचा हात काढ ना. लसणाचा वास येऊन राहिला."

८

त्या दुपारपासून मी सांगून राहिले. जेवण झालं की मागच्या दाराशी पोतं टाकून बसते अन् नोरीला चालवते. एक गोष्ट पक्की केली हाय. तिला कोणत्याच घरापाशी जाऊ द्यायचं न्हाई. आपल्या न्हाई अन् दुसऱ्याच्या पण न्हाई. म्हणून मी तिला फक्त रस्त्यावर ठेवते. वसमतच्या रोडनं नेते. नरसीच्या यात्रेत पाळण्यापाशी हरवते. रेशनच्या लाईनीत उभी करते, मशीनवर तिचा अंगठाच उमटत न्हाई, मंग परत लाईनीच्या शेवटी. प्रत्येकाला लांबून हूं येतो. एकदा मी तिला उसाच्या ट्रकच्या मागं उभी केली अन् ट्रक पंक्चर केला, तवा हूं जरा चिडका आला. मला हसू आलं. बाहेर कोण हाय ते आठवून लगेच मेलं.

धम्मानंदला वाटते मायचं डोकं सरकलं. नांदेडला डॉक्टरला दाखवू म्हणतो. "हळद निघू दे, मंग दाखव," मी म्हणते. "दुपारचं तेवढं नेऊ नको." भिकाबाईनं तर गल्लीभर केलं की ही चांगुणा म्हातारी दाराशी बोलते. बोलू दे. मी तिच्यावर एवढं केलंय, तिला पण काहीतरी पाहिजे.

सपना अभ्यास करते. पाल बघितली की किंचाळते. तिनं मला काही इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. फक्त एकदा मी इचारलं, "त्या पुण्याच्या जाड्याचा नवीन काही आला का?"

"न्हाई आला."

"अन् बहिणींचा?"

"परीक्षा असतील, आजी," ती म्हणली, अन् माझ्याकडं न बघता पान उलटलं.

९

परवा माझा घसा बसला. शेजारच्या वावरात हळदीचं पॉलिश चालू होतं, दिवसभर पिवळी धूळ उडून राहिली. सकाळी खोकला. दुपारपर्यंत आवाजच गेला. गरम पाणी पिलं, मीठ घेतलं, ओवा चावला. घशातून नुसती हवा.

तरी पोत्यावर जाऊन बसले. तोंड उघडलं. काही निघालं न्हाई.

पल्याड वाट बघणं सुरू झालं. ते मला आता ओळखू येते. कोंबड्या गप झाल्या. मी छाती दाबून जोर लावला, फुस्स आवाज आला, वाक्य झालं न्हाई. नोरीला आदल्या दिवशी वसमतच्या स्टँडवर सोडलं होतं. तिथून आमच्या घरी यायला किती वेळ लागतो? कोणी सांगितलंच न्हाई तर ती आपल्या मनानं चालंल का?

दारावर नखानं खरवडल्यासारखं झालं. खाली, फटीपाशी. फटीतलं पोतं आतल्या अंगाला थोडं फुगलं.

मी पायानं पोतं दाबून धरलं. मनात म्हणलं, आवाज न्हाई तर न्हाई. मी हाय. माझ्यावरून जावं लागंल.

तेवढ्यात सपना येऊन माझ्या बाजूला बसली. मांडीला मांडी लावून. पुस्तक मिटून कोठीवर ठेवलं होतं. मी जोरानं मान हलवली, जा म्हणून खुणावलं. ती गेली न्हाई.

"मला सगळं ठावं हाय, आजी," ती हळू म्हणली. "रोज मधल्या खोलीतून ऐकते. ट्रक पंक्चर केला तवा पण ऐकलं."

मंग दाराकडं तोंड करून, आवाज अजिबात न कापता तिनं सुरू केलं. "नोरी वसमतच्या स्टँडवर बसली होती. परभणीची बस लागली, पण कंडक्टर म्हणला, आधी सुट्टे पैसे दाखव."

पोतं सपाट झालं. लांबून हूं आला.

पोरगी माझीच हाय. तिनं नोरीला पाणपोईवर नेलं तर नळाला पाणी न्हाई. चौकशीच्या खिडकीत नेलं तर बाबू चहाला गेलेला. बस आली तर पाटी उलटी लावलेली. मी आवाज न करता पोट धरून हसत होते. एवढे दिवस मी एकटीच हे ओढून राहिले होते, अन् माझ्या मनात आलं, झालं, आता दोघी हावोत. ही मला हरवून दाखवंल.

पण ती मालिका तिनं पहिल्या भागापासून बघितली होती. नोरीसाठी ती माझ्यापरीस जास्त रडली होती, ते मी इसरले. सांगता सांगता तिचा आवाज मऊ झाला. "नोरीचे पाय दुखून राहिले होते," ती म्हणली. तिकडून हूं आला, लई केविलवाणा. सपनाच्या डोळ्यात पाणी आलं. मला पुढचं कळलं अन् मी तिचं मनगट धरलं. तोंडानं न्हाई न्हाई म्हणलं, पण घशातून हवाच निघाली. ती दाराकडं बघून राहिली होती.

"अन् समोरच्या बाकड्यावर," ती म्हणली, "तामो बसलेला होता."

सगळ्यांना जो शेवट पाहिजे होता, तो तिनं देऊन टाकला.

मंग हूं आला. नोरीचा. त्याच्यात आनंद होता, लेकराचा असतो तसा.

अन् त्याच्या मागून दुसरा हूं आला. जाड, सावकाश, लई दिवस तोंड मिटून बसलेल्याचा. तामो तर नोरीहून धाकटा, अन् हा हूं लेकराचा नव्हता.

सपनानं माझ्याकडं बघितलं. मी तिचं मनगट सोडलं, हात हातात घेतला अन् ओठानंच म्हणलं, "सांग. थांबू नको."

तिनं ओठ ओले केले. पाठ ताठ केली.

"तेवढ्यात बस आली," ती म्हणली. "पण बसमधी जागा एकालाच होती."

बाहेर दोघंही गप झाले. आमी हात धरून बसलो होतो, हूं कोणाचा येतो त्याची वाट बघत.